सत्तर वर्षांचा पंप

लिव्हरपूलच्या म्युझियममध्ये 'लायन' नावाचं एक वाफेचं इंजिन आहे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी १८३८ साली लीड्सच्या टॉड, किटसन अँड लेयर्डने बांधलेलं. व्हिक्टोरिया राणी होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. काम काय, तर मालगाड्या ओढणं.

खरी गंमत पुढे आहे. दमदार इंजिनं आल्यावर १८५९ मध्ये रेल्वेने हे लिव्हरपूलच्या गोदीवाल्यांना विकलं. त्यांनी ते एका जागी पक्कं बसवून पंपाला जुंपलं, आणि १९२० च्या दशकापर्यंत पठ्ठ्या पाणी उपसत राहिला! रुळांवर २१ वर्षं, पंपावर जवळजवळ ७०. त्याच्या पिढीतली बहुतेक इंजिनं भंगारात गेली. हे वाचलं, कारण कामाचं होतं. आपल्या ऑफिसात नाही का, कोपऱ्यातल्या जुनाट सर्व्हरवर पेरोल चालतं म्हणून त्याला कुणी हात लावत नाही? तसंच.

मग १९३० मध्ये रेल्वेच्या शताब्दीसाठी डागडुजी झाली, कोळसा-पाण्याचा नवा टेंडर जोडला गेला. १९५३ च्या 'द टिटफील्ड थंडरबोल्ट'मध्ये तर साहेब हिरोच!

माझं भांडण इथेच आहे. सगळं कौतुक त्या २१ वर्षांचं. शिवाय 'परत चालवा ना' म्हणणारे आहेतच. अहो, चालवायचं तर झिजलेले भाग बदलावे लागणार, आणि पंपाची सत्तर वर्षं त्या झिजेतच आहेत! राहू दे उभं. जमलं तर शेजारी एक जुना पंप तेवढा मांडा.