विश्लेषण : साताऱ्या-सांगलीच्या खेळाडूंची पहिली पाच वर्षे कोणाच्या खिशातून?

लॉस एंजलिसमध्ये २०२८मध्ये होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच खेळला जाणार आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने एप्रिल २०२५मध्ये त्याला मान्यता दिली. त्यामुळे साताऱ्याच्या अदिती स्वामीसमोर ऑलिम्पिकचे दार उघडले. २०२३मध्ये वयाच्या १७व्या वर्षी ती जगज्जेती झाली होती, पण तिचा प्रकार तेव्हा ऑलिम्पिकमध्येच नव्हता. फलटण तालुक्यातील प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक खेळून आला आहे. सांगलीची स्मृती मानधना नोव्हेंबर २०२५मध्ये एकदिवसीय विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार होती. या तिघांच्या बातम्यांमध्ये घरच्या परिस्थितीची एक-दोन वाक्ये हमखास असतात. मात्र तिघांची घरे एकमेकांपासून फार वेगळी आहेत आणि पदकाच्या आधीच्या वर्षांचा हिशेब त्या फरकात दडलेला आहे.

प्रवीण जाधव तिरंदाजीपर्यंत पोहोचला कसा?

प्रवीण फलटण तालुक्यातील सरडे गावचा. आई-वडील शेतमजूर. कुटुंबाची राहण्याची जागा राज्याच्या शेती महामंडळाच्या जमिनीवरची झोपडी. शाळा संपली की वडिलांच्या बरोबरीने मजुरीला जायचे, हेच त्याचे पुढचे आयुष्य ठरल्यासारखे होते. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळाकडे वळवले. सुरुवात तिरंदाजीने झाली नाही. ती धावण्याने झाली, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. धावायला साहित्य लागत नाही. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून ललिता बाबरसारखी धावपटू पुढे येते, कराड-वाळवा पट्ट्यात कुस्ती आणि कबड्डी रुजते, याला परंपरा जशी कारणीभूत आहे, तसा खर्चही आहे. मूल कोणता खेळ निवडते, हे बऱ्याचदा त्या खेळाला किती पैसे लागतात यावरच ठरते.

आठशे मीटरच्या सरावात प्रवीणला चक्कर येऊ लागली. आजार काही नव्हता, पोटात पुरेसे अन्न जात नव्हते. भुजबळ सरांनी त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिले आणि त्यासाठी स्वतःचे पैसे घातले. त्यानंतर त्याची निवड राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. आधी अहमदनगर आणि तिथून तिरंदाजीसाठी अमरावती असा त्याचा प्रवास झाला. राहणे, जेवण, शाळा, प्रशिक्षण आणि साहित्य हे सगळे सरकारी खर्चाने. मजुरी करणाऱ्या घरातला मुलगा रिकर्व्ह धनुष्य हाती घेऊ शकला, तो केवळ या निवासी व्यवस्थेमुळे.

पुढची कमाई त्याची स्वतःची. २०१६मध्ये बँकॉकच्या आशिया चषकात सांघिक कांस्य, नंतर क्रीडा कोट्यातून लष्करात भरती आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव. २०१९मध्ये नेदरलँड्समधील जागतिक स्पर्धेत अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासह त्याने सांघिक रौप्य जिंकले आणि त्याच स्पर्धेतून भारताच्या पुरुष संघाचा टोकियोचा कोटा नक्की झाला. टोकियोत दीपिका कुमारीसोबत मिश्र सांघिक प्रकारात तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. तिथे कोरियाच्या जोडीने भारताला हरवले आणि पुढे सुवर्णही जिंकले.

टोकियोनंतर काही दिवसांतच प्रवीणच्या आई-वडिलांच्या घराचे बांधकाम वाढवण्यावरून गावात वाद झाला. प्रकरण प्रशासनापर्यंत गेले. देशभर नाव झालेल्या खेळाडूच्या घराखालची जमीन मात्र कुटुंबाच्या नावावर नव्हती. मजुराच्या घरातून आलेल्या मुलाच्या बाबतीत परिस्थिती बदलली असे म्हणताना नेमके काय बदलले, हे तपासून पाहावे लागते ते यामुळेच.

अदिती स्वामीच्या घरची गोष्ट वेगळी का?

अदितीचे वडील गोपीचंद स्वामी शासकीय शाळेत गणिताचे शिक्षक. मूळ गाव सातारा तालुक्यातील शेरेवाडी. मुलगी १२ वर्षांची असताना वडील तिला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. तिथे फुटबॉल, कबड्डी, मैदानी खेळ सगळेच सुरू होते. ती रमली कोपऱ्यात तिरंदाजीचा सराव करणाऱ्या मुलांमध्ये. नंतर सरावासाठी कुटुंबाने गाव सोडून सातारा शहरात बिऱ्हाड केले. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत ती घडली. नागपूरचा ओजस देवतळेही सावंत यांच्याकडेच शिकायला साताऱ्यात येऊन राहिला होता.

कंपाउंड धनुष्याला दोन्ही टोकांना चाके असतात. त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण कमी होतो आणि नेम स्थिर राहतो. पण हे एक यंत्रच आहे. त्याची किंमत लाखांत जाते, बाण वेगळे आणि तेही खराब होतात, तुटतात. शिवाय मूल वाढत असते. हाताची लांबी वाढली की दोरी ओढण्याचे माप बदलते, ताकद वाढली की धनुष्याचा भार बदलावा लागतो. म्हणजे पालकांनी एकदा खर्च केला आणि सुटले, असे इथे होत नाही. अदितीच्या वडिलांनी कर्जे काढली आणि त्यांचा बोजा काही लाखांवर गेला.

त्याचे फळ २०२३मध्ये दिसले. जुलैमध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे ती युवा जगज्जेती झाली. ऑगस्टमध्ये बर्लिनला तिने ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासह सांघिक सुवर्ण जिंकले. जागतिक तिरंदाजी स्पर्धेतील भारताचे ते पहिलेच सुवर्ण. लगेच वैयक्तिक अंतिम लढतीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला तिने १४९-१४७ असे हरवले. १५ बाणांत १५० पैकी १४९ गुण! त्याच दिवशी ओजसने १५० पैकी १५० घेत पुरुषांचे विजेतेपद मिळवले. साताऱ्यात एकाच प्रशिक्षकाकडे शिकणारे दोघे काही तासांच्या अंतराने जगज्जेते झाले. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अदितीला सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य मिळाले, त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही.

अदितीच्या वडिलांचा त्याग मोठाच. पण इथे एक बारीक मुद्दा आहे. त्यांना कर्ज मिळू शकले, कारण दरमहा येणारा पगार होता. बँक असो, पतसंस्था असो की नातेवाईक, पगारपत्रक असलेल्या माणसाला पैसे देताना फार विचार करत नाहीत. सरडे गावातील शेतमजुराला मुलाच्या धनुष्यासाठी दोन-तीन लाख कोण देणार? कर्जबाजारी होण्यासाठीही काही पत असावी लागते. ‘हलाखीच्या परिस्थितीवर मात’ या एकाच मथळ्याखाली शिक्षकाचे घर आणि मजुराचे घर बसवले की हा फरक पुसला जातो.

मानधना घराण्यात क्रिकेट आधीपासूनच होते?

होते. स्मृतीचा जन्म मुंबईचा, पण ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आले. वडील श्रीनिवास जिल्हा पातळीवर खेळलेले, भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या १६ वर्षांखालील संघात. भावाचा सराव बघत मुलगी मैदानावर गेली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील आणि ११व्या वर्षी १९ वर्षांखालील संघात निवड झाली. सांगलीत अनंत तांबवेकर यांचे मार्गदर्शन होते. ऑक्टोबर २०१३मध्ये बडोद्यात गुजरातविरुद्ध १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद २२४ धावा केल्या.

तिच्या घरात दोन वेळच्या जेवणाची चिंता नव्हती. पण तेव्हा महिला क्रिकेटमध्ये पैसा नव्हता, हे विसरून चालत नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिलांचे क्रिकेट आपल्याकडे घेतले २००६मध्ये, म्हणजे स्मृती दहाची होण्याच्या सुमारास. पुरुषांइतके सामना मानधन लागू झाले २०२२मध्ये आणि महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात तिला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली २०२३मध्ये. ज्या खेळात मुलीला पुढे काही मिळेल याची शाश्वती नाही, त्यात वर्षानुवर्षे वेळ आणि पैसा घालणे त्या घराला परवडले. सांगलीतल्या किती मुलींच्या घरांना ते परवडले असते?

खाशाबांच्या काळात काय घडले होते?

हा प्रश्न नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे पैलवान दादासाहेबांचे चिरंजीव. घरातच तालीम. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. १९५२मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगाव वर्गणीही झाली. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मिरवणुकीला बैलगाड्या निघाल्या. अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर मिळाला. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३मध्ये घेतला. दरम्यान २०१७मध्ये गोळेश्वरच्या कुस्ती संकुलाचे काम रखडल्याने पदक लिलावात काढण्याची भाषा कुटुंबाला करावी लागली होती.

महाविद्यालयाने खेळाडूचा भार उचलणे अमेरिकेत नित्याचे आहे. तिथे महाविद्यालयीन फुटबॉलमधला बचावपटू शाळेत असतानाच हेरला जातो. त्याचे शिक्षण, राहणे, जेवण शिष्यवृत्तीतून होते आणि २०२५पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. अर्थात त्यामागे दूरचित्रवाणीच्या हक्कांचा आणि भरलेल्या स्टेडियमचा अवाढव्य पैसा आहे. आपल्या महाविद्यालयांकडे तो नाही. इथे प्राचार्यांना घर गहाण ठेवावे लागले होते.

सरकारी मदत नेमकी कधी येते?

बहुतांश मदत पदकानंतर येते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकले, तेव्हा आधी एक कोटी जाहीर झाले. सुधारित धोरणानंतर रक्कम दोन कोटी झाली. त्या धोरणात ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक सुवर्णाला पाच, रौप्याला तीन कोटी आहेत. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारीने पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरच्या फेकीवर रौप्य मिळवले, ते याच वर्षी. ललिता बाबर रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि पुढे राज्य शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी झाली. ही बक्षिसे योग्यच. पण ती ज्याला मिळतात, तो सर्वांत खडतर टप्पा पार करून आलेला असतो.

त्या टप्प्यासाठी राज्याकडे असलेली खरी यंत्रणा म्हणजे १९९६मध्ये सुरू झालेली क्रीडा प्रबोधिनी. प्रवीण आणि स्वप्नील दोघेही तिथलेच. तिची निवड मुख्यतः शारीरिक चाचण्यांवर होते : उंची, वजन, धाव, उडी, मेडिसिन बॉल फेक. चाचण्या साध्या आणि पारदर्शक असल्या, तरी अर्धपोटी राहणारे मूल त्यांत मागे पडणारच. प्रवीणच्या बाबतीत शिक्षकांनी आधी त्याचे जेवण सुधारले, मग तो चाचणीला उभा राहिला. ज्या शाळेत असे शिक्षक नाहीत, तिथले मूल यादीत दिसतच नाही.

दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकऱ्यांमधील पाच टक्के आरक्षण यांचाही पालकांना मोठा आधार वाटतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यावर पडताळणी कडक झाली, ते आवश्यकच होते. मात्र हेही लाभ स्पर्धेत क्रमांक आल्यावरचे. १३व्या वर्षी लागणाऱ्या धनुष्याची सोय त्यातून होत नाही.

आता अदितीपुढे काय आहे?

मिश्र सांघिक म्हणजे एका देशाची एकच जोडी, एक पुरुष आणि एक स्त्री. लॉस एंजलिससाठी भारताकडून कंपाउंडमध्ये एकाच मुलीला जागा आहे आणि त्या जागेसाठी ज्योती, परनीत यांच्यासारख्या तिच्याच सांघिक सुवर्णातल्या साथीदारांशी तिची स्पर्धा असेल. पुरुषांमध्ये ओजसचीही तीच गत. दरम्यान ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळाल्याने कंपाउंडकडे मुलांचा ओढा वाढणार, हे साताऱ्यातील पालकांना कळते. धनुष्याची किंमत विचारायला येणाऱ्यांत पगारदार किती आणि मजूर किती, हे त्या रांगेतच दिसेल.