ओटी आणि माजघर

सेवानिवृत्त होऊन आम्हांस बरींच वर्षें झालीं. तरी परवां लासलगावास जाण्यासाठीं घरून निघालों, आणि पाहतों तों आम्ही विंचुरांतील आमच्या जुन्या शाळेच्या फाटकाशीं उभे! डोक्यांत कांद्याच्या भावाचा हिशेब चालला होता, आणि पायांनीं आपली 30 वर्षांची वाट धरली होती. शिपाई हंसला, आम्हीही हंसलों. परंतु मागें फिरतांना प्रश्न पडला कीं, इतका वेळ आम्हांस चालवीत होतें तें कोण?

मनाच्या या व्यापाराची कल्पना वाचकांस जुन्या वाड्यावरून सहज येईल. जागृत मन ही ओटी. पाहुण्यांचें स्वागत, वादविवाद, निर्णय, सारें तेथें. पण ओटीवर एका वेळीं माणसें मावावयाचीं किती? खरी सांठवण माजघरांत, आणि घर चालतें तें तिच्यावर. या माजघरासच सुप्त मन म्हणावें. योगशास्त्र ज्यांस 'संस्कार' म्हणतें, त्यांचें वसतिस्थान हेंच.

माजघरास स्वतंत्र दार आहे, याचा पुरावा अमेरिकेंत मिळाला. 1953 सालीं हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूवर अपस्मारासाठीं शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवी गोष्ट त्याच्या लक्षांत राहीना. ब्रेंडा मिल्नर या विदुषीनें त्यास आरशांत पाहून तारकेची आकृति गिरवावयास दिली. पुढील दिवशीं, आपण हें पूर्वीं कधीं केलेंच नाहीं, असें तो म्हणे. हात मात्र अधिकाधिक सफाईनें चाले. ओटीस वार्ता नाहीं, आणि माजघरांत माल जमा!

आपल्या वैदिकांनीं ही गोष्ट फार पूर्वीं हेरली होती. घनपाठांत पदांचा क्रम 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3 असा उलटसुलट फिरतो. आरंभीं बटु एकेक पद ध्यान देऊन म्हणतो. संथेवर संथा होतात. मग जिव्हा आपोआप चालूं लागते. 'आतां पुढचें पद कोणतें?' असें मध्येंच शोधूं गेला कीं तो अडखळतो. परंतु सर्वस्वीं जिव्हेवर सोपवूनही भागत नाहीं. तेच शब्द दोन ठिकाणीं आले, कीं ती एका मंत्रांतून दुसऱ्यांत शिरते. तेथें जागृत मनाचा पहारा हवा. वाट सरळ असेल तोंवर माजघरास चालूं द्यावें, फाटा आला कीं ओटीनें सावध व्हावें. दोन्ही मनांचें सहकार्य म्हणतात तें हेंच. आम्ही फाट्यावर बेसावध राहिलों, म्हणून शाळेंत पोहोंचलों.

हें आम्ही केवळ कुतूहलानें लिहीत नाहीं. आमचे थोरले बंधू अण्णा दोन वर्षें विस्मृतीच्या व्याधीनें ग्रस्त आहेत. या रोगांत बहुधा अलीकडचें आधीं पुसलें जातें आणि बालपणीं घोटलेलें मागाहून. घरांतील जो तो त्यांस विचारी, "अण्णा, मी कोण, सांगा पाहूं?" उत्तर न सुचून ते कासावीस होत. यांत अग्रेसर आम्हीच. परीक्षा घेण्याची जन्माची खोड! एके सायंकाळीं मात्र कांहीं न विचारतां आम्ही त्यांच्याजवळ बसलों आणि संध्येंतील 24 नांवें म्हणूं लागलों. तिसऱ्या नांवास अण्णांचा स्वर मिळाला. पुढें आमचीच जीभ घसरली; लहानपणींप्रमाणें अण्णांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें, आणि चूक दुरुस्त केली. संपल्यावर त्यांनीं प्रसन्नपणें विचारलें, "आपण कोणाकडचे?"

त्या दिवसापासून आमच्या घरीं तो प्रश्न बंद झाला. रोज सायंकाळीं नांवें मात्र होतात. ज्यांच्या घरीं असे वृद्ध असतील, त्यांनीं ओटीवर त्यांची परीक्षा घेऊं नये. माजघरांतील एखाद्या धाग्याचें टोंक त्यांच्या हातीं द्यावें आणि वाट पाहावी. आणि मुलांस जें पाठ करवाल, तें ध्यान देऊन, शुद्ध करवा. माजघर निवडून घेत नाहीं. गहूं आले तर गहूं, खडे आले तर खडे. तें जन्मभर सांभाळून ठेवतें.