हिरवळीचा धंदा, पाण्याचा हिशेब

धाराशिव, प्रतिनिधी

लग्नपत्रिकेतील विवाहस्थळाच्या ओळीत ‘मंगल कार्यालया’च्या जोडीला ‘लॉन्स’ हा शब्द येऊन बसला, त्याला आता बराच काळ लोटला. पुण्या-नाशिककडची ही रीत मराठवाड्यातील जिल्ह्याच्या गावांतही रुळली. पाठोपाठ रुग्णालये, खासगी शाळा आणि बंगल्यांच्या आवारांत हिरवळीचे तुकडे उमटू लागले. हिरवळ आली की तिची निगा राखणारा हवा. गवत कापण्याचे एक यंत्र, एक ब्रश कटर, रबरी पाइप, खुरपी आणि हाताखाली दोन माणसे एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहतो. नोकरीच्या शोधात दमलेल्या तरुणास तो खुणावतो, यात नवल नाही. मात्र धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात त्याचे भवितव्य यंत्रावर नव्हे, तर पाण्यावर ठरणार आहे.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी दिले की ते एक लिटर होते. मेमधील उन्हात हिरवळ टवटवीत राखायची तर दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते, असे धरू. १ हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या हिरवळीस रोज ४६५ लिटर पाणी हवे. शहरी पाणीपुरवठ्याचा दरडोई १३५ लिटरचा मापदंड घेतला, तर हे साडेतीन माणसांचे पाणी झाले. जलजीवन मिशनच्या ५५ लिटरच्या मापाने खेड्यातील आठ माणसांचे. अर्ध्या एकराच्या लग्नाच्या लॉनला रोज दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर लागेल. त्यात लग्नसराईची मोठी गर्दी एप्रिल-मेमध्येच असते. गिऱ्हाईक हिरवळ मागते, नेमकी त्याच वेळी विहिरी आणि विंधनविहिरी तळ गाठतात.

सन २०१६ चा धडा

हा विरोधाभास केवळ कागदावरचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानावर पाणी शिंपडणे हा एका उन्हाळ्यात सार्वजनिक नीतिमत्तेचा प्रश्न बनला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम, परंडा भागात अतिवृष्टीने हाहाकार उडविला, हेही खरे. परंतु सप्टेंबरात शिवारातून वाहून गेलेले पाणी मेमध्ये नळाला येत नाही. टंचाईत टँकरने हिरवळ भिजविणारा मालक शेजाऱ्यांच्या रोषास पात्र ठरतो. त्या रोषाची पहिली झळ मालकाला नव्हे, तर पाइप हाती धरलेल्या माणसाला लागते.

मग हा व्यवसाय करूच नये काय? तसे नाही, मात्र तो वेगळ्या रीतीने करावा लागेल. पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांतून गवताचे तयार गालिचे आणून अंथरणे, हा त्यातील झटपट पैशाचा भाग. गालिचा उन्हाळ्यात करपला की तो पैसाही जातो आणि नावही. त्यापेक्षा ज्या हरळीला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या रानातून खणून बांधावर फेकत आला, तीच येथील हिरवळीचा खरा आधार आहे. पाणी तुटले की हरळी तपकिरी पडते. पण तिच्या काड्या व मुळ्या जमिनीत तग धरतात आणि पहिल्या पावसानंतर ती पुन्हा फुटते. उन्हाळ्यात गवत थोडे उंच राखणे, एका कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक न छाटणे, पाणी पहाटे देणे आणि न्हाणीघराचे पाणी गाळून वापरणे, या गोष्टी जाणणारा माणूस गिऱ्हाइकाचे पाणी वाचवितो. त्याच्या कामाची खरी किंमत हीच.

करारात पाणी हवे

मिळकतीचे गणितही ऋतूंशी बांधलेले आहे. जून ते ऑक्टोबर या काळात कापणी, लव्हाळा उपटणे, गाजरगवत काढणे अशी कामे भरपूर असतात. फेब्रुवारीपासून ती आटतात. बँकेचा हप्ता मात्र मेमध्येही चुकत नाही. म्हणून फेरीमागे पैसे घेण्याऐवजी वर्षाचा करार करून मासिक रक्कम ठरविणे हिताचे. पाणी कोणी पुरवायचे आणि टंचाईत हिरवळ वाळली तर जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहिलेले असावे. झाडांची छाटणी, ठिबकची दुरुस्ती, परसबाग या कामांची जोड दिली तर कोरडे महिने निभावतात.

भांडवलाची वाट तशी अडलेली नाही. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ मध्ये सेवा उद्योगाची प्रकल्प मर्यादा २० लाखांवर नेण्यात आली आणि आकांक्षित जिल्ह्यांतील अर्जदारांना वाढीव अनुदानाच्या विशेष गटात घेण्यात आले. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचा समावेश होता. कामेही वाढण्याची चिन्हे आहेत. तुळजाभवानी मंदिराच्या १ हजार ८६५ कोटींच्या विकास आराखड्यास मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अशा कामांत उद्याने येतात आणि उद्यानांना माळी लागतात. पण अनुदान मिळते म्हणून मोठे यंत्र घेणे आणि मोठे यंत्र आहे म्हणून गिऱ्हाईक शोधत फिरणे, हा उलटा क्रम अनेक छोट्या व्यावसायिकांना महागात पडतो. दोन-चार वार्षिक करार आधी हाती घ्यावेत आणि कर्जाचा विचार नंतर करावा.

या जिल्ह्यात हिरवळ ही चैन आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. चैनीच्या वस्तूवर आपली रोजीरोटी उभारणाऱ्याने टंचाईचे वर्ष येणारच, असे धरून चालावे. मे महिन्यात गिऱ्हाइकाला ‘आता पाणी देऊ नका, पावसाळ्यात हे गवत पुन्हा फुटेल’ असे खात्रीने सांगू शकणारा माणूसच या धंद्यात टिकेल.