सिंड्रेलाची वकिली

सिंड्रेला दुबळी आहे, असा निकाल हल्ली लागून चुकला आहे. निकाल देणारे न्यायाधीश पुष्कळ. खटल्याचे कागद वाचलेला त्यांत एखादाच असावा. तिला म्हणे स्वतःचे व्यक्तिमत्त्वच नाही. ती झाडलोट करते, रडते आणि कोणी राजपुत्र येऊन सोडवील म्हणून वाट पाहत बसते. त्यापेक्षा केस कापून लढाईवर जाणारी १९९८ सालची मुलान बरी, धनुष्य ओढणारी २०१२ सालची मेरिडा बरी! मला त्या दोघीही आवडतात. पण एकीला मोठे करण्यासाठी दुसरीवर खोटे बालंट घ्यावे, ही तऱ्हा मला मुळीच पसंत नाही.

वाचकहो, सुट्टीत मुले घरात आहेतच. वॉल्ट डिस्नेचा १९५० सालचा तो चित्रपट त्यांच्याबरोबर बसून एकदा नीट पाहा. (महायुद्धानंतर कर्जात रुतलेली त्याची कंपनी याच मोलकरणीने वर काढली, ही गोष्ट आणखी निराळी!) राजवाड्यातून हुकूम येतो की, प्रत्येक उपवर मुलीने समारंभास हजर राहावे. आता ही दुबळी मुलगी काय करते? खाली मान घालून कामाला लागत नाही. ‘प्रत्येक’ म्हणजे त्यात मीही आले, असे ती सावत्र आईच्या तोंडावर सांगते. हुकुमाचे शब्द वाचून त्यावर आपला हक्क सांगणे याला दुबळेपणा म्हणायचे काय? तहसील कचेरीत हातात कागद धरून उभ्या असलेल्या कितीतरी बाप्यांना एवढे जमत नाही!

आणि ती मागते तरी काय? राजपुत्र नव्हे. कामातून सुटलेली एक संध्याकाळ. ज्याच्याबरोबर आपण नाचलो तोच राजपुत्र, हे बाराचे ठोके पडतात तेव्हाही तिला ठाऊक नसते. परी येते, उंदीर माडीवर किल्ली आणून देतात, हे खरे. पण त्याच उंदरांना पिंजऱ्यातून सोडवून अंगावर कपडे चढवणारी तीच होती. शेवटी सावत्र आई काठी आडवी घालून सेवकाला पाडते आणि काचेचा जोडा फुटतो. सगळे संपले असे वाटते, तोच ही खिशातून दुसरा काढते. तो तिने जपून ठेवला होता, कोणाला बोलली नव्हती. पुरावा राखून ऐन वेळी पुढे करणारी ही पोर भोळी खास नव्हे.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते. गेल्या स्नेहसंमेलनात सातवीतल्या एका मुलीने सिंड्रेलाचे सोंग घेतले. का, म्हणून मी विचारले तर म्हणाली, ‘‘बाई, ते बी घरची कामं आवरूनच जाते नं?’’ घरचा झाडू, आईची जुनी ओढणी, एवढाच सरंजाम. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ भाषणात म्हणाले, जिजाऊंच्या जिल्ह्यात हे दासीचे सोंग कशाला? हातात तलवार घ्या! टाळ्या पडल्या. ही मुलगी कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून भाकरी थापते, धाकट्या भावाला आवरते आणि मग शाळा गाठते. तलवार तिने पाहिली ती पुठ्ठ्याची. झाडू मात्र रोजचा. त्या टाळ्या कोणाच्या पाठीवर पडल्या, हे तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर मला कळले.

बरे, जिजाऊंचे नाव घेतलेच आहे, तर तेही पुरते घ्यावे. १५९८ साली सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात जन्मलेली ही आमची खरीखुरी राजकन्या. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात देवगिरीला बाप आणि भाऊ कापले गेले, तेव्हा शिवाजीराजे तिच्या पोटात होते. सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर मूल झाले. पुढे नवरा दूर कर्नाटकात आणि ही उजाड झालेल्या पुण्यात जहागिरीचा संसार उभा करते आहे. राजे १६६६ साली आग्र्याला गेले तेव्हा राज्याची काळजी साठी उलटलेल्या या बाईवर होती. राज्याभिषेक डोळ्यांनी पाहून अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, पाचाडला तिने डोळे मिटले. यात तलवारीचा खणखणाट कितीसा ऐकू येतो? सोसणे, हिशेब ठेवणे, वेळ ओळखणे, यातच तर तिचे सारे तेज आहे. पण १२ जानेवारीला आपण तिच्या हाती लाकडी तलवार देतो, फोटो काढतो आणि मोकळे होतो.

आपल्या श्रावणातल्या कहाण्या तरी कोणाच्या आहेत? शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून गोठ्यात राहते, उष्टेमाष्टे खाते. पण रानात देवकन्या भेटल्या की हा वसा कशाचा, त्याने काय होते, हे ती आपल्या तोंडाने विचारते. आमच्या आज्यांनी तिला दासी म्हणून हिणवले नाही. दर सोमवारी हातात तांदूळ घेऊन तिची गोष्ट ऐकली.

त्या पाहुण्यांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलीचे लग्न अठराच्या आत करू नये, असा कायदा आहे. आठवी-नववीत पटावरून ज्या मुलींची नावे गळतात, त्यांच्या दारी एकदा माझ्याबरोबर चला. त्यांतल्या बहुतेकींनी कधीतरी चुलीपाशी बसून, मलाही जायचे आहे, असे घरच्यांना म्हटलेले असते. तेव्हा घरच्यांनी काय उत्तर दिले, ते तेथे ऐका. तलवारीचे भाषण त्यानंतर करा. मी ऐकायला बसेन.