कोपराची जखम घरी गेल्यावर

टेबलावर कोपर टेकले की टेबलाला जवळजवळ हाडच लागते. मध्ये असते ती पातळ त्वचा आणि तिच्याखालची द्रवाची चपटी पिशवी. पडझडीत कोपराच्या हाडाचे हे टोक मोडले की सर्जन मागून छेद घेतात, दोन सरळ तारा घालून वर आठाच्या आकड्यात तारेचा वेढा आवळतात किंवा प्लेट बसवतात. मग हे सगळे धातूकाम त्याच पातळ, सुजलेल्या त्वचेखाली झाकायचे असते.

एक्स-रे छान येतो. पण कोपराचे हाड जुळले म्हणून जखमही भरेल, असे धरून चालता येत नाही. कोपरातल्याच दुसऱ्या हाडाचे, म्हणजे दंडाच्या हाडाचे कोपराकडचे टोक मोडलेल्या 89 रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या 14 जणांची जखम इतकी बिघडली की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. एवढ्या नावाजलेल्या ठिकाणी हे घडते, तेव्हा टाके नीट घातले नसतील एवढे म्हणून भागत नाही.

कोपर फार लवकर आखडते, म्हणून ते लवकर हलवायला हवे. पण वाकवले की मागची त्वचा ताणते आणि टाक्यांच्या कडांना रक्त कमी पडते. म्हणून किती दिवस स्थिर ठेवायचे, किती वाकवायचे, हे सर्जननेच ठरवावे. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने हात ओढूताणू नये, तेलमालीश तर नकोच. हाड बाहेर आलेले नसेल, पण सूज फार असेल किंवा पाण्याचे फोड आले असतील, तर काही दिवस थांबून केलेले ऑपरेशन सुरक्षित असते. ‘पेशंट नुसता पडून आहे’ म्हणून डॉक्टरांवर दबाव आणणाऱ्या नातेवाइकांनी हे समजून घ्यावे.

खरी कसोटी घरी लागते. दाखल करताना ‘व्यसन?’ या प्रश्नावर आजी ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी व्यसन नसतेच. मिश्रीतले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि कोपराच्या त्वचेला तेच सोसत नाही. त्यामुळे विचारताना मिश्रीचे नाव घेऊनच विचारायला हवे. त्यात मधुमेह असेल आणि साखर आटोक्यात नसेल तर धोका आणखी वाढतो. वर घरात पथ्य सुरू होते: डाळीने पू होतो, अंडे उष्ण पडते, म्हणून ताटात नुसता मऊभात. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, अंडी, दूध, मासे, जे चालत असेल ते त्या दिवसांत पोटात जायलाच हवे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत पट्टीवर लालसर डाग पडला तर सहसा घाबरायचे कारण नसते. आठवडा उलटला तरी गॉज रोज ओला होत असेल, टाक्यांची कड काळपट पडली असेल किंवा थांबलेला ठणका परत सुरू झाला असेल, तर गल्लीतल्या दवाखान्यातून गोळ्या आणून वेळ घालवू नये. जंतू धातूवर चिकट थर धरतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. ताप उतरतो, पू आतच राहतो. वेळेत जखम उघडून धुतली तर पुष्कळदा प्लेट हाड जुळेपर्यंत ठेवता येते. उशीर झाला की त्वचा उघडून धातू दिसू लागतो आणि प्लास्टिक सर्जनला हाताच्या दुसऱ्या भागातली त्वचा रक्तवाहिनीसकट फिरवून तिथे बसवावी लागते.

रुग्ण वेळेत का येत नाही? ऑपरेशन झालेले रुग्णालय लांब, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. डिस्चार्ज कार्डावर मात्र गोळ्यांची नावे आणि टाके काढण्याची तारीख एवढेच असते. त्यावर धोक्याची लक्षणे मराठीत, ठळक अक्षरांत छापावीत आणि जखमेचा फोटो पाठवायला एक मोबाइल क्रमांक द्यावा. फोटोवरून सगळे कळत नाही, पण ओली पट्टी आणि काळी कड दिसते, आणि ‘सोमवारची वाट पाहू नका, आजच या’ एवढे सांगायला ते पुरेसे असते.