ठेंगण्या मुलालाही संघात घ्या

संयुक्त अरब अमिरातीत 2013 साली सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरली होती. अबू धाबीत 8 नोव्हेंबरला अंतिम सामना झाला आणि नायजेरियाने मेक्सिकोला 3-0 असे हरविले. यजमान मुलांनी तिन्ही सामने गमावले. ब्राझीलने तर त्यांच्यावर सहा गोल चढविले. खेळाडूचा जन्म 1 जानेवारी 1996 रोजी अथवा त्यानंतरचा असावा, असा नियम होता.

जन्मदाखले खोटे असू शकतात, म्हणून 2009 पासून या स्पर्धेसाठी मनगटाची एमआरआय तपासणी करतात. मनगटापाशी हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. ती पूर्ण मिटून हाड एकसंध झाले असेल, तर मुलगा बहुधा सतरा ओलांडून गेलेला असतो. सोळाव्या वर्षी असे पूर्ण मिटलेले हाड शंभरात एखाद्याचेही क्वचितच आढळते.

लबाडी यातून पकडता येते, हे चांगलेच झाले. परंतु ज्यांचे दाखले खरे आहेत, त्यांच्यातल्या फरकाचे काय? मुलगे साधारण चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात. कोणी बाराव्या वर्षीच, तर कोणी सोळाव्या वर्षाच्या आसपास. एकाच वर्गातले तेरा वर्षांचे दोन मुलगे शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. त्यांना तीस मीटर पळवून घड्याळ लावले, तर आपण खेळ मोजतो की वाढ?

आम्ही शिक्षक या बाबतीत निर्दोष नाही. शाळेचा संघ निवडताना आमची नजर आधी उंच, रुंद खांद्याच्या मुलांवर जाते. सामना उद्याचा असतो ना! एका चपळ पण ठेंगण्या मुलाला आम्ही असाच वगळला होता. दोन वर्षांत तो आमच्यापेक्षा उंच झाला, पण तोवर त्याने चेंडूला पाय लावणे सोडले होते.

लवकर वाढलेल्याचेही नुकसान होतेच. तो धक्क्याच्या बळावर जिंकतो, पायाची कला शिकत नाही, आणि पुढे सोबती त्याच्याएवढे झाले की मागे पडतो. शिवाय भराभर वाढीच्या दिवसांत पुष्कळ मुलांच्या गुडघ्याखाली दुखू लागते. त्याला आळस म्हणून ओरडू नये. पळणे-उड्या काही दिवस कमी कराव्यात.

इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी काही सामन्यांत वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून पाहिले आहेत. आपल्या बेटावर तेवढी साधने नसली, तरी सरावाचे गट तसे पाडता येतील. दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत टिपण्यास शाळेच्या भिंतीवरची पट्टी पुरते. पालकांनीही निवडीच्या दिवशी ती वही आमच्याकडे मागावी.