गावकुसाबाहेरचे छप्पर आणि सूर्याची वीज

विजेचा विषय निघाला की आपले बरेच कार्यकर्ते म्हणतात, हे इंजिनिअर लोकांचे काम, आपण अॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती आणि गायरान पाहू. आम्हाला हे मान्य नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी पुनर्रचना धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी वीज आणि दारिद्र्य यांचा संबंध उलगडून दाखवला. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय शेतीवरच्या लोकसंख्येची सुटका नाही, हा त्यांचा सरळ हिशेब होता.

आज वीज थेट आपल्या छपरावर येऊ पाहते आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, तर 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे. 2025 मध्ये राज्य सरकारने 'स्मार्ट' योजनेतून महिना 100 युनिटपर्यंत वापर असलेल्या गरीब कुटुंबांसाठी त्यात भर घातली. 1 किलोवॅटच्या संचासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने अडीच हजार आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने 5 हजार रुपये भरायचे. असा संच महिन्याला साधारण 120 युनिट वीज देतो. कळंब तालुक्यात उन्हाची काही कमतरता नाही!

पण योजनेची अट वाचा. अर्जदाराचे स्वतःचे, छत असलेले घर पाहिजे. आमच्या किती वस्त्या गायरानावर आहेत, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. त्याला तीन दशके उलटली, तरी तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी माणसे आम्ही रोज पाहतो. नमुना 8 वर नाव नाही, आणि घरावर पत्रे. अशा माणसाने अर्ज तरी कशाच्या जोरावर करायचा? मालकीचा कागद नसला की सूर्यसुद्धा गावकुसाच्या आतच थांबतो.

दुसरी गोष्ट डीपीची. खेड्यातली डीपी साधारण 63 किंवा 100 केव्हीएची. तिच्यावर किती सौरक्षमता जोडायची याला मर्यादा असते. गावातले पैसेवाले प्रत्येकी 3 किलोवॅट बसवून मोकळे झाले, की कागद जमवून मागून येणाऱ्या बौद्धवाड्याला 'आता जागा नाही' हे उत्तर मिळू शकते.

आता खरा मुद्दा. साधा इन्व्हर्टर लाईट गेली की बंद पडतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाऊ नये. म्हणजे छपरावर पॅनेल असूनही घरात अंधारच. (विकणारे हे सांगत नाहीत.) जर्मनीत तर एक वेगळीच चूक झाली होती. ग्रीडची वारंवारिता 50.2 हर्ट्झ झाली की लाखो इन्व्हर्टर एकदम बंद होतील, अशी त्यांची जुनी रचना होती. 2012 पासून तीन लाखांच्या आसपास संच दुरुस्त करावे लागले. स्मार्ट इन्व्हर्टर असा एकदम पळ काढत नाही. तो दाब सांभाळतो, वारंवारिता बिघडली तर हळूहळू वीज कमी करतो. त्याला बॅटरी जोडली तर दुपारची वीज संध्याकाळी देता येते. अशी हजार घरे एका संगणकाच्या आज्ञेत आणली की ती एका वीज केंद्रासारखी चालतात.

हे स्वप्नरंजन नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने 2018 मध्ये अशा केंद्राची सुरुवात सरकारी गृहनिर्माणातील गरीब भाडेकरूंच्या घरांपासून केली. त्यांच्याकडून संचाचे पैसे घेतले नाहीत, उलट वीज स्वस्त दिली. घराची मालकी नसलेल्या माणसाला तिथे रांगेत पुढे उभे केले. इथे त्यालाच दाराबाहेर ठेवले आहे.

वीज कंपनीने किंवा शासनाने नेमलेल्या संस्थेने एकत्रितपणे घरोघरी संच बसवावेत, अशी तरतूद सूर्यघर योजनेतही आहे. ती सोयीची आहे, आम्ही तिला विरोध करत नाही. पण छप्पर आमचे, बॅटरी आमच्या भिंतीवर, आणि संध्याकाळच्या महागड्या विजेचा नफा मात्र दुसऱ्याच्या खात्यात, असे होणार असेल तर करारावर अंगठा उठवण्यापूर्वी तो मराठीत वाचून घेतला पाहिजे. बॅटरी किती वेळा वापरणार, बिघडली तर कोण बदलणार, घर विकले किंवा पाडले तर काय, या तीन गोष्टी त्यात लिहिलेल्या नसतील तर सही करू नये.

ज्यांना छतच नाही त्यांच्यासाठी दिल्लीने 2019 मध्ये मार्ग काढला. एका जागी सामाईक संच, आणि त्याची युनिटे प्रत्येकाच्या बिलात वळती. आमच्या वस्तीत समाजमंदिर आहे, बुद्धविहार आहे. तिथल्या छतावरचा संच वस्तीच्या मीटरांना का जोडू नये? ज्यांच्याकडे मीटरच नाही त्यांनी आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजनेची चौकशी करावी. 2021 मध्ये ती सुरू झाली तेव्हा अनामत 500 रुपये होती, तीही पाच हप्त्यांत.

येत्या ग्रामसभेत कळंब तालुक्यातील कार्यकर्त्यांनी दोन ठराव लेखी मांडावेत: गायरानावरील घरांची यादी करून ती नमुना 8 ला लावावी, आणि वस्तीच्या डीपीवर तिच्या घरांपुरती सौरक्षमता राखून ठेवावी. ठरावाची पोच ग्रामसेवकाकडून त्याच दिवशी घ्यावी. मसुदा आम्ही करून देऊ.